चर आले आणि ढोरवाट गेली : ओरिएंटियरिंग क्लबच्या एका फेरीचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातला क्लब पुण्यातला आहे आणि मी त्याची सभासद आहे. ज्या फेरीबद्दल लिहिते आहे तिचा मार्ग मीच आखला होता. गावाचं, डोंगराचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. त्या दिवशी एक मावशी आणि तिचा अकरा वर्षांचा भाचा दोन तासांहून जास्त वेळ आमच्या हिशेबाबाहेर होते. दोघंही सुखरूप परतले. पण ती वेळ का आली याचा माग काढत गेलो तेव्हा पोचलो जून महिन्यापर्यंत, म्हणजे फेरीच्या चार महिने मागे.

पार्श्वभूमी

ओरिएंटियरिंग अजून आपल्याकडे फारसं रुळलेलं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. हातात नकाशा आणि होकायंत्र असतं. डोंगरात ठरावीक जागी पांढऱ्या-नारिंगी झेंड्या टांगलेल्या असतात, त्यांना कंट्रोल म्हणतात. नकाशावर दिलेल्या क्रमानं प्रत्येक कंट्रोल गाठायचा, तिथल्या चिमट्यानं आपल्या कार्डावर टोचा मारायचा आणि पुढे निघायचं. दोन कंट्रोलच्या मधली वाट कुठून काढायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं, खेळाची सगळी गंमत तिथेच आहे. अर्न्स्ट किलांडर या स्वीडिश अधिकाऱ्यानं १९१९ साली स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा घेतली आणि तिथून हा खेळ पसरला. १९६१ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला.

आमच्या क्लबात बहुतेक जण ट्रेकिंगमधून आलेले आहेत, काही जण एनसीसीत नकाशावाचन शिकलेले. महिन्यातून एका रविवारी छोटी फेरी आणि वर्षातून दोनदा सगळ्यांसाठी खुली मोठी फेरी, असा आमचा रिवाज.

या खेळाचा जीव नकाशात असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नेहमीचा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस वीस मीटरवर. घर शोधायला, गड गाठायला तो उत्तम; पण एकटा खडक, छोटी घळ, गुरांची वाट त्यात कुठून येणार? त्यासाठी १:१०,००० किंवा १:१५,००० प्रमाणाचा, पाच मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा वेगळा नकाशा पायाखाली जमीन घालूनच करावा लागतो. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नकाशे तयार करण्यावरची पूर्वपरवानगीची अट काढली, तेव्हापासून आमच्यासारख्या छोट्या गटांना हे काम मोकळेपणानं करता येतं. उपग्रहचित्र पायाशी घ्यायचं, ओपन ओरिएंटियरिंग मॅपर या मोफत सॉफ्टवेअरवर रेषा ओढायच्या आणि छापील कागद घेऊन प्रत्येक सोंड, प्रत्येक घळ चालून तपासायची.

आम्ही एप्रिल-मेच्या सहा रविवारी पुण्याच्या पश्चिमेकडचा एक डोंगर असा चालून काढला. मुख्य धारेपासून पूर्वेकडे उतरणारी एक लांब सोंड, तिच्या उत्तर पायथ्याला गाव आणि देऊळ. उन्हाळ्यात तो डोंगर उघडाबोडका असतो. गवत करपलेलं, खडक दुरून दिसतात, आणि उत्तर उतारावरून आडवी जाणारी ढोरवाट तर पांढऱ्या दोरीसारखी उठून दिसत होती. ती मी नकाशावर ठळक काढली. नवख्यांच्या मार्गाचा सगळा भरवसा याच वाटेवर ठेवला होता.

जून ते ऑक्टोबर : जमिनीवर काय झालं

पावसाच्या तोंडावर गावानं पाणलोटाचं काम काढलं. उत्तर उताराच्या पूर्वेकडच्या भागात सलग समतल चर खणले गेले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी : डोंगराच्या पातळीला धरून, साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल असा चर खणतात आणि निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी रचतात. पाऊस वाहून न जाता चरात थांबतो, मुरतो. एका चराखाली थोड्या अंतरावर दुसरा, त्याखाली तिसरा. इथे असे वीसेक चर झाले. पहिल्या पावसात बांधावर रोपं लागली आणि रोपं लागल्याबरोबर तिथे चराईबंदी आली.

या शेवटच्या गोष्टीचा परिणाम आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आला नाही. गुरं बंद झाली तशी ढोरवाटही बंद झाली. ती वाट कुणी बांधलेली नव्हती, रोजच्या खुरांनी राखलेली होती. जुलै ते सप्टेंबर खूर पडले नाहीत आणि तीन महिन्यांत कुसळी गवत, तेरडा, सोनकी यांनी वाट गिळून टाकली. त्याच वेळी चरांच्या बांधांवरून रोपं लावणाऱ्या, तण काढणाऱ्या माणसांची ये-जा होती, त्यामुळे बांधावर मात्र स्वच्छ मळलेली पायवाट तयार झाली. नकाशात जी वाट होती ती जमिनीवर नव्हती, आणि जमिनीवर जी होती ती नकाशात नव्हती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी कंट्रोलच्या जागा तपासायला गेले. सतरापैकी चौदा पाहिल्या. पूर्वेच्या तीन राहिल्या, कारण मधला ओहोळ कमरेएवढा वाहत होता आणि वर धुकं होतं. परतीला वाटलं, मेमध्ये तीनदा पाहिलेल्याच जागा आहेत, चालतील. प्रकरणातला पहिला निर्णय हा, आणि तो माझा होता. ओहोळ उतरल्यावर पुन्हा जायला पुढचे तीन रविवार माझ्या हातात होते.

फेरीच्या आधीच्या आठवड्यात एक सहकारी त्या तीन जागी खुणेच्या फिती बांधून आला. त्यानं गटात लिहिलं, “पूर्वेला चर खणलेत, बाकी ठीक.” त्याला काम दिलं होतं फिती बांधायचं. ते त्यानं नीट केलं. चर किती, कुठून कुठे, वाटेचं काय झालं, हे त्याला कुणी विचारलंच नाही. मीही विचारलं नाही.

शुक्रवारची बैठक आणि समोरचे पर्याय

शुक्रवारी संध्याकाळी तो निरोप पुन्हा वर आला आणि आम्ही पाच जण बसलो. फेरी रविवारी. नकाशे छापून आलेले. वनखात्याची परवानगी त्याच तारखेची, शहाऐंशी जणांनी नाव नोंदवलेलं.

फेरी पुढे ढकलायची, हा एक पर्याय होता; पण परवानगीची सगळी धावपळ पुन्हा करावी लागली असती, तो लगेच बाजूला पडला. शनिवारी जाऊन चर मोजून नकाशा नव्यानं छापायचा हा दुसरा. यात खरी अडचण नकाशाशास्त्राची होती, वेळेची नंतर. चर समोच्च रेषेला समांतर जातात, दोन्ही तपकिरी रंगात दाखवायच्या. वीस चर काढले तर चढ-उतार वाचताच येणार नाही. तिसरा पर्याय पूर्वेचे तीन कंट्रोल काढून टाकायचा. त्यानं नवख्यांचा मार्ग अडीच किलोमीटरवरून दीडवर आला असता. चौथा, सुरुवातीला फलकावर बदल लिहायचा आणि तोंडी सूचना द्यायची. नकाशातल्या उशिराच्या दुरुस्त्या सुरुवातीच्या जागी लावणं ही या खेळातली सर्वत्र चालणारी पद्धत आहे, त्यामुळे ते आम्हाला नियमाला धरून वाटलं.

आम्ही चौथा निवडला. त्या बैठकीत चर्चा झाली ती ‘नकाशात चर कसे दाखवायचे’ याची. ‘आठवड्याभरापूर्वी तिथे उभा असलेला माणूस आपल्यातच बसलाय, त्याला वाट दिसली का विचारू’ हे कुणाला सुचलं नाही. आणखी एक गोष्ट, जिची मला आज सगळ्यात जास्त खंत आहे : तिथे नुकतीच लावलेली रोपं आहेत आणि आपण शहाऐंशी माणसं त्यातून पळवणार आहोत, हा विचार एकदाही बोलला गेला नाही. दीड किलोमीटरचा मार्ग लहान वाटला म्हणून आम्ही तो टाळला. त्या एकाच कारणासाठी तिसरा पर्याय योग्य होता.

रविवार

सकाळी साडेसातला देवळाच्या पटांगणातून पहिला स्पर्धक निघाला. सूचनांमध्ये मी सांगितलं की पूर्वेकडे नवीन चर आहेत, ते नकाशात नाहीत. शिट्टी सगळ्यांना दिली होती. अडचण आली तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा, हेही सांगितलं. हरवलो असं वाटलं तर सावलीत बसून राहायचं, हेही.

मावशी आणि भाचा आठ पन्नासला निघाले. नवख्यांच्या मार्गावर जोडीनं जायची मुभा होती आणि जोडीला एकच कार्ड. पाचव्या कंट्रोलपर्यंत सगळं सुरळीत. पाचवरून सहाकडे जाताना नकाशात ढोरवाट हळूहळू खाली उतरत ओहोळाजवळच्या खडकापाशी जाते. त्यांनी वाट शोधली. समोर छातीएवढं गवत आणि त्याच्या कडेला बांधावरची मळलेली पायवाट. नकाशा म्हणतो वाट आहे, समोर वाट आहे. दुसऱ्या कुणी वेगळं काय केलं असतं?

आता चराचा स्वभाव असा की तो पातळी सोडत नाही. ढोरवाट उतरते, चर उतरत नाही. तो सोंडेला वळसा घालून तिच्या नाकावरून पलीकडे, दक्षिण अंगाला जातो. आणि या सगळ्या वळशात चालणाऱ्याला जागा बदलल्याचं कळत नाही, कारण चढ कायम उजव्या हाताला आणि उतार डाव्या हाताला राहतो. नकाशाशी ताडून पाहायची जी साधी खूण आम्ही नवख्यांना शिकवतो, ‘चढ कुठल्या हाताला आहे बघा’, ती खूण शेवटपर्यंत जुळत राहिली.

मावशींना शंका आली ती उन्हावरून. निघताना ऊन डोळ्यांवर येत होतं. आता ते पाठीवर होतं. त्यांनी भाच्याच्या हातातलं होकायंत्र पाहिलं तर आपण पश्चिमेला चाललोय. खाली गाव दिसायला हवं होतं, तिथे दुसरंच खोरं. फोनला रेंज नाही. साडेदहाच्या सुमाराला त्या थांबल्या, सावलीला बसल्या आणि शिट्टी वाजवू लागल्या. त्या दिवशी घेतला गेलेला सगळ्यात चांगला निर्णय हा होता. तो आमच्यापैकी कुणाचा नव्हता.

अकरा ते पावणेएक

मार्ग बंद होण्याची वेळ अकरा. वाटलेली कार्डं एकाहत्तर, परत आलेली एकोणसत्तर. इथे वीस मिनिटं गेली. आम्ही कार्डं मोजत होतो आणि जोडीला एक कार्ड असल्यामुळे बाहेर दोन माणसं आहेत की तीन, हेच आधी कळेना. यादीशी ताडून तीन नावं निघाली. त्यातला एक तरुण मोठ्या मार्गावर गेलेला. फोन लागत नव्हता. अखेर त्याच्या मित्राकडून समजलं की तो कंटाळून मध्येच उतरला आणि परस्पर घरी निघाला. मार्ग अर्धवट सोडला तरी शेवटच्या टेबलावर येऊन नोंद करायची, हा या खेळातला जगभरचा नियम आहे. आम्ही तो सांगितला होता, पण ‘का’ ते सांगितलं नव्हतं. त्या वीस मिनिटांत आमची दोन माणसं त्याला शोधायला वरच्या पठाराकडे निघूनही गेली होती.

अकरा वीसला उरले मावशी आणि भाचा. काय करायचं? पाव तास वाट पाहावी, असं एक मत होतं. मार्ग उलटा चालत जाऊन कंट्रोल तपासावेत, हे दुसरं. एकाने गाडी काढून रस्त्यानं सोंडेच्या पलीकडे जायचं सुचवलं. त्याला पाऊण तास लागला असता आणि ते पलीकडे असतील असं मानायला आमच्याकडे काही आधार नव्हता. चौथं म्हणजे ११२ ला आणि डोंगरी बचावकार्य पाहणाऱ्या महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला कळवणं. आम्ही ठरवलं की एक वाजेपर्यंत आपण शोधू, नाही सापडले तर कळवू.

दोन जोड्या निघाल्या. एका स्पर्धकानं दोघांना पाचव्या कंट्रोलवर पाहिलं होतं, म्हणून मी आणि एक सहकारी तिथून पुढे गेलो. ढोरवाट नाहीशी झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पायातलं बळ गेलं. तरीही मी चूक केली. हरवलेला माणूस उताराला लागतो, असा ट्रेकिंगमधला अनुभव धरून आम्ही खाली ओहोळात उतरलो आणि तासभर तिथलं गवत पालथं घातलं. बांधावरची वाट समोर होती. ती नकाशात नव्हती म्हणून मी तिचा विचारच केला नाही. नकाशा मीच काढला होता आणि जमिनीपेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास होता.

शिट्टीही आम्हाला ऐकू आली नाही. मध्ये अख्खी सोंड होती.

ती ऐकली एका गुराख्यानं. चराईबंदीमुळे त्यानं आपली गुरं यंदा दक्षिण अंगाला नेली होती. पहिल्यांदा त्याला वाटलं, पोरं खेळतायत. मग त्याच्या ध्यानात आलं की शिट्टी मोजून वाजतेय आणि मध्ये सारखीच थांबतेय. तो वर चढला, दोघांना आपल्याजवळचं पाणी दिलं आणि खिंडीतून, त्यालाच ठाऊक असलेल्या वाटेनं, बारा चाळीसला देवळात घेऊन आला. मी ओहोळातून वर आले तेव्हा तो पटांगणात उभा होता. म्हणाला, “ताई, ही दोघं तुमचीच ना? पलीकडं चरावर बसलीवती.” भाच्याच्या पोटरीत कुसळं रुतली होती आणि डोकं दुखत होतं. ऑक्टोबरचं ऊन होतं, मावशींच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या.

नंतर काय केलं

गुरुवारच्या बैठकीत मावशींना बोलावलं. त्यांनी प्रत्येक वळण सांगितलं आणि आम्ही ते नकाशावर काढत गेलो. त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. शेवटी एवढंच म्हणाल्या, “तुम्ही चर म्हणालात. मला वाटलं एखादा असेल, ओलांडून जायचं.” तोंडी सूचनेचा प्रश्न या वाक्यात पूर्ण आला. मला ‘चर’ म्हटल्यावर वीस समांतर बांध दिसत होते. ऐकणाऱ्याला रस्त्याकडेची नाली दिसत होती. फलकावर एक फोटो लावला असता तरी भागलं असतं.

काही गोष्टी तिथेच ठरल्या. प्रत्येक माणसाला स्वतंत्र क्रमांक आणि मोजणी माणसांची. प्रत्येकाच्या नावापुढे घरच्या एका माणसाचा फोन. फेरीच्या पंधरा दिवस आत सगळ्या जागांची पाहणी, आणि एक जागा जरी राहिली तरी तो कंट्रोल रद्द. गावच्या पोलीस पाटलांना सकाळी यादी आणि बंद होण्याची वेळ सांगून ठेवायची. मूल बाहेर असेल तर वेळ उलटताच त्यांना आणि ११२ ला फोन करायचा. आमची एक वाजेपर्यंतची मुदत मला आज समर्थनीय वाटत नाही. बचाव पथकाला पोचायलाच वेळ लागतो, आणि त्यांना ‘सापडले, येऊ नका’ सांगणं सोपं असतं. पोलीस पाटलांना अकरा वीसला विचारलं असतं तर त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं की गुरं यंदा पलीकडे आहेत आणि तिकडे माणसं आहेत.

जोडीला मुभा ठेवायची की नाही यावर अजून एकमत नाही. माझं मत ठेवावी असं आहे. तो मुलगा एकटा असता तर थांबला असता का, याची मला खात्री नाही.

पूर्वेचा उतार आम्ही नकाशावर जांभळ्या आडव्या रेघांनी प्रवेशबंद म्हणून दाखवला. रोपं मोठी होईपर्यंत तिथे कुणी पाऊल टाकणार नाही. चर कसे दाखवायचे हा प्रश्न त्यानं सुटला. चरांच्या पट्ट्याची फक्त बाहेरची कड काढली.

नोव्हेंबरची पाहणी

नोव्हेंबरमध्ये डोंगर पुन्हा चाललो, या वेळी त्या गुराखी मामांबरोबर. त्यांना दिवसाची मजुरी दिली, ती घ्यायला ते आधी तयार नव्हते. नकाशा उलटा धरून त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत तो लावून घेतला, कारण त्यांना सोंडा आणि घळी पाठ होत्या. उपग्रहचित्रात आम्ही वाट म्हणून काढलेल्या दोन रेषा म्हणजे पावसात पाणी उतरतं त्या जागा निघाल्या. एका कपारीपाशी त्यांनी आम्हाला थांबवलं. तिथे फुरसी असतात, कंट्रोल लावू नका म्हणाले. तो मी मेमध्ये लावायचं ठरवलं होतं. ढोरवाटांबद्दल त्यांनी वर्षाचा हिशेब मांडला : दिवाळीपर्यंत गुरं कुठे, कापणी झाल्यावर कुठे, उन्हाळ्यात पाण्यासाठी कुठे. कुठली वाट कुठल्या महिन्यात जिवंत असते हे त्यातून उमगलं. आता आमच्या नकाशावर वाटांच्या दोन जाती आहेत, बारमाही आणि हंगामी. हंगामी वाटेवर नवख्यांचा मार्ग आखायचा नाही.

पुढची फेरी आम्ही फेब्रुवारीत त्याच डोंगरावर ठेवली, पश्चिमेच्या बाजूला. तो मुलगा मावशींबरोबर आला होता. त्यानं दोन कंट्रोल स्वतः टांगले. त्या फेरीच्या नऊ दिवस आधी मामांचा फोन आला. “ताई, वणव्यासाठी जाळरेषा काढाया सुरवात झालीया, धारेवर पार काळा पट्टा दिसतोय. कागदावर चढवा.” दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी डोंगरावर होते.